पेरणी यंत्राची निगा : हंगाम संपल्यावरचे काम

आम्ही कापडाचे व्यापारी. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि वेळीच लक्ष गेले नाही, तर कापडावर लांबच लांब रेघ पडते. पेरणी यंत्राचेही असेच आहे. एक नळी तुंबली की शेताची एक ओळ रिकामी जाते आणि ती चूक उगवण झाल्यावरच दिसते. नांगरट न करता चाऱ्याचा ओट किंवा मका थेट पेरताना हा धोका अधिक, कारण जमीन कठीण असते व धसकटे फाळात अडकतात. चारा घटला की दूध घटते आणि गावाच्या बाजाराचा गल्लाही घटतो.

यंत्र वर्षात थोडेच दिवस चालते. ते खराब होते उभे राहून. पेटीत उरलेले खत हवेतील ओल ओढून लोखंड खाते. म्हणून पेरणी संपताच दोन्ही पेट्या रिकाम्या कराव्यात, खताची पेटी धुऊन पूर्ण वाळवावी, साखळी व फाळांना तेल लावावे, बेअरिंगला ग्रीस द्यावे. नळ्या मात्र काढून उंच टांगाव्यात, नाहीतर उंदीर कुरतडतात.

थेट पेरणीचा फाळ उलट्या ‘टी’च्या आकाराचा असून जमिनीत अरुंद चीर पाडतो. टोक झिजले की चीर उथळ होते, बी वर राहते व पाखरे टिपतात. यंत्र सपाट फरशीवर उतरवून सर्व टोके एका पातळीत टेकतात का, हे पाहावे. झिजलेल्या टोकावर कठीण धातूचे वेल्डिंग करून घ्यावे.

पेरणीपूर्वी बियाण्याचे माप तपासावे. समजा, 9 फण 22.5 सेंटिमीटर अंतरावर आहेत, म्हणजे रुंदी सुमारे 2 मीटर. चाकाचा घेर 1.57 मीटर. चाक उचलून 20 फेरे फिरवले की 63 चौरस मीटरची, म्हणजे एकराच्या सुमारे चौसष्टाव्या भागाची पेरणी झाली. एकरी 40 किलो ओट हवा असेल, तर सर्व नळ्यांखालच्या पिशव्यांत मिळून सुमारे 625 ग्रॅम बी पडले पाहिजे. प्रत्येक पिशवी वेगळी तोलावी. जी हलकी भरेल, त्या नळीत दोष आहे.

वेल्डर व फिटर बंधूंनी ही तपासणी हंगामाच्या महिनाभर आधीच मागून घ्यावी. पेरणीच्या दिवशी गिऱ्हाईक थांबत नाही, आणि घाईत केलेला जोड शेतात तुटला तर बदनामी कारागिराचीच होते.