शिक्का मारण्याआधी थोडं पाहूया

वर्गातलं एखादं पोर 'घुमं', 'वात्रट' किंवा 'द्वाड' ठरायला शाळेचा पहिला महिना पुरतो. पुढच्या वर्गात जाताना त्याच्या प्रगतिपत्रकाबरोबर हा शिक्काही जातो. सोलापुरात तरी तो फार जपून मारायला हवा, कारण इथे एकाच बाकावर घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी मुलं बसलेली असतात.

'विचारलं तरी तोंड उघडत नाही, फार हट्टी आहे' ही तक्रार घ्या. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटकडच्या कित्येक गावांत कन्नड. नव्या भाषेत पडलेलं मूल आधी बराच काळ, कधी काही महिने, नुसतं ऐकत राहतं. हेच मूल मधल्या सुट्टीत सवंगड्यांशी घडाघडा बोलतं का, तोच प्रश्न घरच्या भाषेत विचारला तर उत्तर देतं का, एवढं पाहिलं तरी हट्ट आणि भाषेची अडचण यांतला फरक समजतो.

सगळ्यांत घट्ट रुजलेला समज म्हणजे 'ओरडल्याशिवाय, दोन फटके दिल्याशिवाय पोरं वळणावर येत नाहीत.' फटक्यांना कायद्यानेच बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम १७नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्ही निषिद्ध आहेत. राहिलं ओरडणं. अमेरिकेत पहिलीच्या वर्गात झालेला एक अभ्यास १९६८ साली प्रसिद्ध झाला. शिक्षिकांनी 'खाली बस' हे वाक्य जास्त वेळा उच्चारलं, तेव्हा जागेवरून उठणारी मुलं कमी होण्याऐवजी वाढली. बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केल्यावर उठणं कमी झालं. ज्या मुलाकडे एरवी कुणाचं लक्ष नसतं, त्याला रागावणं हेही लक्षच वाटतं.

म्हणून मानसशास्त्रज्ञ तीन गोष्टी टिपायला सांगतात: वागण्याच्या आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. समजा, मुलाला गणिताच्या तासाला भागाकारासाठी फळ्यापाशी बोलावलं, त्याने वही फेकली आणि त्याला वर्गाबाहेर काढलं. आठवडाभराच्या नोंदींत हे तीनदा गणितालाच दिसलं, तर शिक्षा म्हणून दिलेली हकालपट्टी त्या मुलासाठी सुटकाच ठरते आहे. तिथे भागाकार नव्याने शिकवणं हाच उपाय. 'मस्ती करतो' या नोंदीतून काहीच हाती लागत नाही; 'अकरा वाजता शेजाऱ्याची पेन्सिल ओढली' यातून लागतं.

हल्ली 'हट्टी', 'वात्रट' या शिक्क्यांचं उलट टोकही दिसतं. मूल चुळबुळं असलं की 'एडीएचडी असणार' असं परस्पर जाहीर होतं. लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांच्या या विकाराच्या निदानाचे निकष मात्र कडक आहेत: लक्षणं बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली, किमान सहा महिने टिकलेली आणि घर व शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी हवीत. शिक्षकाने नोंदी द्याव्यात, निदान तज्ज्ञावर सोपवावं. त्याआधी साध्या गोष्टी तपासता येतात. फळा नीट दिसतो का? ऐकू येतं का? रात्री झोप झाली का? घराला लागूनच यंत्रमाग खडखडत असेल, तर हा शेवटचा प्रश्न आधी विचारावा. दृष्टी आणि श्रवणाच्या तपासणीसाठी २०१३पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये येतात. त्यांना अशा मुलांची नावं आवर्जून द्यावीत.

आणि 'दांडीबहाद्दर'? गाळप हंगामात ऊसतोड कुटुंबं सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांवर येतात. त्यांच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळा टाळत नसते, तिच्यावर घर सोपवलेलं असतं. विड्या वळणाऱ्या आईच्या हाताखालीही मुलींचा वेळ जातो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला हीच गोष्ट ओळखली होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी कुरणशाळा काढून शाळाच कुरणावर नेली.

नोंदींतून कारणाचा अंदाज आला, की एकच गोष्ट बदलून दोन आठवडे पाहावं: बसायची जागा, प्रश्नाची भाषा किंवा गणिताची पायरी. सगळं एकदम बदललं तर नेमका कशाचा उपयोग झाला, हे कळत नाही. पालकांना बोलावताना तक्रारींची यादी बाजूला ठेवून याच नोंदी त्यांच्यासमोर ठेवाव्यात आणि घरी असं कधी घडतं, हे त्यांनाच विचारावं.