मोरीतली अंधारखोली

कामगार चळवळीत उभा जन्म घालवलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत फिल्म धुण्यावर बोलावे, याचे आमच्या काही स्नेह्यांना आश्चर्य वाटले. संप, करार, बोनस सोडून तुम्ही या वाटेला कसे गेलात, असे त्यांनी विचारलेही. उत्तर सोपे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका छायाचित्र-प्रयोगशाळेतले कामगार आमच्याकडे आले. त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, कातडी सोलली होती; आणि मालकांचे म्हणणे असे की, सवयीने हात निबर होतात. मागणीपत्रात रबरी हातमोजे लिहावयाचे तर हाताला लागते काय, हे आम्हास कळावयास हवे होते. ग्रंथालयातून पुस्तके आणली. डेव्हलपरमधल्या मेटॉल नावाच्या द्रव्याने पुष्कळांची कातडी बिघडते, आणि एकदा बिघडली की सवय होणे दूरच, पुढे थोडेसे लागले तरी त्रास होतो, हे त्यांत स्पष्ट छापलेले सापडले. हातमोजे मिळाले. पण त्या कामगारांपैकी एकाने आम्हास ते काम हाताने शिकवले, आणि तेव्हापासून ते सुटले नाही.

रिळाची फिल्म बहुतेकांनी पाहिली असेल. मोठ्या कॅमेऱ्यात रीळ नसते. चार इंच रुंद व पाच इंच लांब असा फिल्मचा सुटा तुकडा, म्हणजे एक शीट, चपट्या होल्डरमध्ये घालून वापरतात. पस्तीस मिलिमीटर रिळावरील एका चित्राच्या मानाने ही जागा सुमारे पंधरापट भरते. म्हणूनच पन्नास माणसांच्या समूहचित्रात मागच्या रांगेतल्या माणसाच्या कपाळावरची आठीदेखील दिसते. उटी येथे १९६० साली स्थापन झालेला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना ‘इंदू’ छापाची फिल्म काढीत असे. तोही बंद पडला. शीट परदेशांतून मागवावी लागते, ती महाग पडते, आणि शहरात ती धुऊन देणारा सहसा मिळत नाही. तेव्हा घरीच धुणे आले.

घर म्हणजे खोली, आणि खोलीत पाणी वाहून जाईल अशी जागा एकच, ती मोरी. अंधारखोली म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर लाल दिवा येतो. कागदावर छपाई करताना तो चालतो. पण सर्व रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या फिल्मला लाल दिवादेखील चालत नाही. पूर्ण काळोख पाहिजे. रात्री दहानंतर खिडकीवर जाड गोधडी, दाराच्या फटीशी दुसरी गोधडी, आणि मग काही न करता दहा मिनिटे बसून राहावयाचे. डोळे सरावले की कोठून उजेड शिरतो ते आपोआप दिसते. आम्हास पहिल्या रात्री सर्वांत मोठा शत्रू सापडला तो बाहेरचा दिवा नव्हे, पाणी तापवण्याच्या यंत्रावरचा तांबडा ठिपका होता. मोबाइल तर खोलीबाहेरच ठेवावा.

तीन ट्रे लागतात: डेव्हलपरचा, थांबवणीचा म्हणजे सौम्य ॲसेटिक ॲसिडचा, आणि हायपोचा. मोरीत ते शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून उतरंड करावी. डेव्हलपर वर स्टुलावर, थांबवणी मधे पाटावर, हायपो खाली फरशीवर. यात केवळ जागेची सोय नाही. हायपोचे थेंब डेव्हलपरमध्ये पडले तर डेव्हलपर नासतो. पाणी खालीच गळते, तेव्हा हायपोला सर्वांत खाली बसवणे शहाणपणाचे. स्वयंपाकाचे भांडे मात्र यांपैकी कशालाही वापरू नये, नंतर कितीही घासले तरी.

डेव्हलपरचा जुना, सर्वत्र चालणारा नुसखा डी-७६ हा. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. यातला २५० मिलिलिटर घेऊन तितकेच पाणी घातले की चार शीट नीट निघतात. लोभाने पाचवी घालू नये.

आता उष्णतेचा प्रश्न. पुस्तकांतले सर्व वेळ २० अंश सेल्सिअसचे असतात, आणि वैशाखात आपल्या नळाचे पाणी तीस अंशांच्या घरात असते. २० अंशांना दहा मिनिटे घेणारे काम २४ अंशांना सुमारे सात मिनिटांत होते; आणखी वर गेलो तर वेळ पाच मिनिटांखाली येतो, मग फिल्मवर डाग आणि पट्टे उमटतात. विदर्भातल्या कोरड्या हवेत माठाचे पाणी बरेच काम देते. मुंबईच्या दमट हवेत माठ तितका गार होत नाही. आम्ही मोठ्या परातीत बर्फाचे पाणी घेऊन तीत ट्रे ठेवतो. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये, तो पातळ होतो. आणि पुढची पाणीही फार वेगळ्या उष्णतेची नसावीत. एकदम फरक पडला तर जिलेटिनच्या थराला सुरकुत्यांची बारीक जाळी पडते.

काळोखात फिल्मची कुठली बाजू कुठली हे बोटांनी ओळखावयाचे असते. शीटच्या एका कोपऱ्याशी खाचा पाडलेल्या असतात. शीट उभी धरून खाचा वरच्या कडेला उजव्या हाताशी आल्या की जिलेटिनची बाजू आपल्याकडे. प्रथम प्रत्येक शीट साध्या पाण्यात एकेक करून भिजवावी, नाहीतर त्या एकमेकींना चिकटतात. मग डेव्हलपरमध्ये त्यांची गड्डी करून सर्वांत खालची हळूच काढावी, वर ठेवावी, बोटांच्या पोटांनी दाबावी, पुन्हा खालची. पत्ते पिसण्याचाच प्रकार, फक्त पत्ते ओले आणि मऊ. भिजलेले जिलेटिन इतके नाजूक असते की, शेजारच्या शीटचा कोपरा लागला तरी ओरखडा उठतो.

हे आम्ही पुस्तकात वाचले होते, तरी व्हावयाचे ते झाले. २०११ साली एका बंद गिरणीच्या दाराशी जुन्या कामगारांचे समूहचित्र घेतले. शीट दोनच होत्या, त्या एकत्रच धुवावयास बसलो आणि घाई केली. पहिलीवर मागच्या रांगेतल्या तिघांच्या चेहऱ्यांवरून आडवा ओरखडा गेला. तो काळोखात हातालाच कळला. दुसरी लागलीच एकटी वेगळी धरली, आणि ती वाचली. त्या तिघांपैकी एक गृहस्थ पावसाळ्यापूर्वीच वारले. दुसरी शीट नसती तर त्यांच्या घरी देण्यास आमच्याजवळ काही नव्हते. तेव्हापासून नवशिक्याला आमचे सांगणे एकच: पहिला महिनाभर एका वेळी एकच शीट. हल्ली बंद टाक्या मिळतात, त्यांत फिल्म काळोखात भरली की पुढचे सारे उजेडात होते. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्याव्यात.

वेळ मोजण्यास काळोखात घड्याळ उपयोगाचे नाही. आमच्या घरातून दाराबाहेर उभे राहून मिनिटे पुकारली जातात. “अहो, पाच झाली!” हा आवाज चाळीत आता सर्वांच्या ओळखीचा आहे.

हायपोचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ साली शोधला, छायाचित्रण जगापुढे येण्याच्या वीस वर्षे आधी. न वापरलेली चांदीची संयुगे तो विरघळवून नेतो. फिल्म आधी दुधाळ दिसते, मग स्वच्छ होते. स्वच्छ होण्यास जितका वेळ लागला, तितकाच आणखी ठेवावी. वापरलेल्या हायपोत चांदी असते, म्हणून तो मोरीत ओतू नये. डब्यात साठवून त्यात पोलादी लोकर टाकली की लोखंड द्रावणात जाते आणि चांदी गाळ होऊन बसते. ती फारशी निघत नाही, पण गटारात विष जात नाही.

नळ सोडून अर्धा तास धुण्याइतके पाणी आपल्याकडे कुठले? ट्रे भरावा, हलवावा, पाच मिनिटे ठेवून ओतावा. असे सहा वेळा केले की पुरते. शेवटचे पाणी ऊर्ध्वपातित असले तर क्षारांचे पांढरे ठिपके राहत नाहीत. मग मोरीतच दोरी बांधून एका कोपऱ्याला चिमटा लावून शीट टांगावी. ओल्या मोरीत धूळ उडत नाही, हा तिचा आणखी एक गुण. पंखा लावू नये. सकाळी शीट कागदी पाकिटात घालावी, आणि घालण्यापूर्वीच पाकिटावर शिसपेन्सिलीने तारीख, जागा आणि माणसांची नावे डावीकडून उजवीकडे, रांगवार लिहून ठेवावीत.