नाताळातलं झाड आवारात लावण्यापूर्वी



डिसेंबरात घरी आणलेलं कुंडीतलं 'ख्रिसमस ट्री' पुढं कुंडीत मावेनासं होतं. मग खारदांड्यात आवाराच्या कोपऱ्यात जागा शोधली जाते. जागा ठरवण्याआधी झाड नीट ओळखा.

किनाऱ्यावरचा सुरू सूचिपर्णी दिसतो, पण तो सपुष्प वृक्ष आहे. त्याची हिरवी काडी ओढून पाहा, सांध्या-सांध्यातून सुटते. कुंपणाचा उंच आसुपालव तर रुंद, लाटदार कडांच्या पानांचा. आपल्या कुंडीतलं झाड बहुधा अरौकेरिया असतं. खोडाभोवती मजल्यामजल्यानं फांद्या, कोवळेपणी मऊ सुया, आणि वय वाढलं की फांदीवर वेणीसारखी घट्ट बसलेली खवलेदार पानं. रोपवाटिकेत याला 'नॉरफोक पाइन' म्हणतात खरं, पण पुष्कळदा तो कुक पाइन निघतो. लहानपणी दोघं सारखीच दिसतात. कुक पाइनच्या जुन्या फांद्या गळून खोडातूनच आखूड नव्या फुटतात, त्यामुळे झाड खांबासारखं अरुंद राहतं. मूळचा तो न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. तिथं तो 60 मीटरपर्यंत जातो, बरं का!

खारा वारा त्याला सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. म्हणून पहिला पाऊस पडून गेल्यावर दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, भरावाचे दगड-विटा काढाव्यात आणि लाल माती, वाळू व कुजलेलं शेणखत भरावं. रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा किंचित उंच बसवा. घरात वाढलेलं रोप एकदम उन्हात नेऊ नका, पंधरा दिवस अर्धसावलीत ठेवा. शेंडा जपा. तो मोडला तर बाजूची फांदी त्याची जागा सहसा घेत नाही. फांदीपासून केलेलं रोपही आडवंच वाढतं, तेव्हा घेताना सरळ शेंड्याचं बियांचं रोप मागा.

आणखी एक गंमत. हे झाड विषुववृत्ताकडे कलतं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाच खंडांतली 256 झाडं मोजली, सरासरी कल साडेआठ अंशांचा भरला. आपल्याकडे कल दक्षिणेला. तेव्हा दक्षिणेकडे घर, गल्ली किंवा विजेची तार नको, आणि भिंतीपासून निदान 15 फूट सोडा. दांड्याच्या दाटीत एवढी जागा नसेल तर मोठ्या कुंडीतच राहू द्या, तिथं ते सावकाश वाढतं.

एकदा वाढलं की मनात आलं म्हणून तोडता येत नाही. 1975 च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.