माशाला गोगलगाय घालताना

मागच्या वेळी अहिंसेवर बोलून झालं आणि शेवटच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं, "सर, तुमच्या घरी फिशटँक आहे, आणि त्यातल्या माशांना तुम्ही जिवंत गोगलगायी घालता असं ऐकलं. मग आजचं हे सगळं काय होतं?" सभागृह हसलं. मीही हसलो, पण उत्तर काही दिलं नाही. ते आज देतो.

आधी वस्तुस्थिती. टाकीत गोगलगायी कुणी मुद्दाम आणत नाही. पाणवनस्पतींच्या पानाला चिकटलेल्या अंड्यांतून त्या येतात. फायसा नावाची छोटी गोगलगाय उभयलिंगी असते, एकटी असली तरी अंडी घालू शकते. मेलॅनॉइडिस ही लांबुडक्या शंखाची. ती दिवसा वाळूत दडते, रात्री बाहेर येते, आणि नराशिवायच पिल्लांना जन्म देते. म्हणजे एक आली तरी पुरतं. पण त्यांची संख्या वाढते ती आपण माशांना जास्त खाणं टाकतो म्हणून. उरलेलं अन्न आणि शेवाळ हा त्यांचा शिधा. तेव्हा गोगलगायी फार झाल्या तर पहिला प्रश्न स्वतःला विचारावा: माझा हात सैल आहे का?

आता खाणारे. लोच जातीचे मासे तळाशी वावरतात. तोंड खाली वळलेलं, भोवती मिशा. ते शंख फोडत बसत नाहीत. शंखाच्या तोंडाशी ओठ लावतात आणि आतला मऊ जीव ओढून घेतात. सकाळी वाळूवर रिकामे शंख पडलेले दिसतात. पफर मासा मात्र चोचीसारख्या दातांनी शंखच फोडतो. केरळातल्या नद्यांमधला बुटका पफर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा, पण गोगलगायींचा मोठा शौकीन. मेलॅनॉइडिसचा शंख मात्र कठीण असतो, तो पफरला देऊ नये.

घालायच्या तर कशा घालाव्यात? ओढ्यातून किंवा डबक्यातून आणू नयेत. त्यांच्या अंगात परजीवी कृमींच्या अळ्या असू शकतात, शेताजवळच्या असतील तर फवारणीचं विषही. वेगळ्या बरणीत वाढवाव्यात. उकडलेला पालक, काकडीची चकती, आणि शंख बळकट व्हावा म्हणून अंड्याच्या कवचाचा तुकडा. एका रात्रीत संपतील एवढ्याच टाकाव्यात. मोठी असेल तर मी ती आधी एका झटक्यात चिरडतो. गोगलगायी मारायचं तांबंयुक्त औषध मिळतं, ते मी वापरत नाही. सगळ्या एकदम मरतात, कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि तांबं लोचलाही सोसत नाही.

आता बाईंचा खरा प्रश्न. गोगलगायीला दुखतं का? पीटर सिंगर यांनी १९७५ साली 'अ‍ॅनिमल लिबरेशन'मध्ये वेदनेची सीमारेषा ढोबळमानाने कोळंबी आणि कालव यांच्यामध्ये कुठेतरी ओढली होती. अडचण अशी, की गोगलगाय ही कालवाच्याच मृदुकाय कुळातली, आणि त्याच कुळात अतिशय हुशार असा ऑक्टोपसही आहे. १९८३ साली जमिनीवरच्या एका गोगलगायीवरचे प्रयोग प्रसिद्ध झाले. तापलेल्या पृष्ठभागावर ठेवली की ती पाय उचलते; मॉर्फिन दिलं तर उशिरा उचलते. यावरून तिला आपल्यासारखी वेदना होते असं सिद्ध होत नाही. पण काहीच होत नाही असं छातीठोकपणे म्हणण्याची सोयही उरत नाही. म्हणून झटका. जिथे शंका आहे तिथे क्लेश कमी करणं, एवढं तरी हातात आहे.

कुणी म्हणेल, निसर्गात हेच चालतं की. आपल्याकडे मत्स्यन्याय हा शब्द आहे. मोठा मासा लहान माशाला खातो, ती अवस्था. कौटिल्याने तो वापरला, पण त्या अवस्थेचं समर्थन म्हणून नव्हे. दंड धरणारा नसेल तर असं होतं, हे सांगण्यासाठी. नदीत दंडधर नाही. माझ्या टाकीत आहे, तो मी. कुणाला कुणासमोर टाकायचं हे मी ठरवतो. म्हणून 'निसर्गच आहे' ही सबब नदीत चालेल, माझ्या दिवाणखान्यात नाही.

आणि याच वाटेने विचार करताना मला माझी खरी चूक सापडली. ती गोगलगायीत नव्हती. माझ्याकडचा मासा झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. तो फक्त पश्चिम घाटातला, आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातला, आणि आज आययूसीएनच्या यादीत 'संकटग्रस्त'. मी दुकानात गेलो, गोगलगायी खाणारा मासा हवा म्हणालो, आणि एक पिशवी घेऊन घरी आलो. हे मासे टाकीत पैदास केलेले की नदीतून धरलेले, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. ज्या गोगलगायीची बाईंना दया आली ती उदंड आहे. तिला खायला मी जो आणला, तो कमी होत चालला आहे.

तेव्हा बाई, उत्तर असं. गोगलगायी मी यापुढेही घालणार, कारण घरात आणलेल्या माशाचं पोट ही माझी जबाबदारी आहे. लोच समूहात राहणारा मासा, पाच-सहा लागतात. ते आहेत, त्यांना शेवटपर्यंत सांभाळीन. नदीत परत सोडणार नाही. टाकीतले रोग नदीत जातात. पण नवीन आणणार नाही. आणि तुमच्यापैकी कुणी केवळ गोगलगायी संपवायला मासा आणायच्या विचारात असेल, तर आधी महिनाभर खाणं निम्मं करून बघा. रात्री काकडीची चकती ठेवा, सकाळी तिच्यावर जमलेल्या गोगलगायी काढून घ्या. बहुधा माशाची गरजच पडणार नाही.

अहिंसेचा प्रश्न आपण ताटाशी विचारतो. तो दुकानाच्या दाराशीच विचारायला हवा होता. मला थोडा उशीर झाला.