बुरशीवर बुरशीचाच उतारा

सोयाबीन निघून रान मोकळे झाले की धाराशिव जिल्ह्यात हरभऱ्याची पेरणी सुरू होते. उगवण चांगली होते आणि महिनाभरात काही रोपे हिरवी असतानाच माना टाकतात. पाण्याचा ताण म्हणावा, तर शेजारचे रोप टवटवीत असते. असे रोप उपटून खोड उभे चिरावे. आत तपकिरी-काळी रेघ दिसली, तर ती मर. फ्युजॅरियम नावाची बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिकाच बुजवते. तूर उबळते तीही याच कुळातल्या बुरशीमुळे.

रोप सुकल्यावर पंप पाठीवर घेऊन उपयोग नसतो, कारण शत्रू खोडाच्या आत आणि जमिनीत असतो. हरभरा न पेरताही ही बुरशी जमिनीत सहा वर्षांपर्यंत टिकते, असे पटंचेरूच्या इक्रिसॅट संस्थेतील अभ्यासात दिसले. एका वर्षाच्या फेरपालटाने मर हटत नाही, हे शेतकऱ्यांचे निरीक्षण त्यामुळे अगदी खरे आहे.

जमिनीतल्या शत्रूला जमिनीतच गाठणारी बुरशी म्हणजे ट्रायकोडर्मा. तिला हे नाव 1794 मध्येच मिळाले होते. पण ती दुसऱ्या बुरशीवर जगते हे कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंग यांनी 1932 मध्ये दाखवले. ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालते, कायटिन विरघळवणारी विकरे सोडून त्यांची भिंत फोडते आणि आतला रस शोषते. मुळांभोवतीची जागा व अन्न आधीच बळकावते. शिवाय मुळांवर वस्ती केली की रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते.

मग कित्येकांना गुण का येत नाही? माझ्या मते, आपण तिला औषधाची पुडी समजतो म्हणून. ती विरजणासारखी आहे. दूधच नसेल तर विरजण काय करणार? आपल्या काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी, त्यात सेंद्रिय कर्ब कमी. ट्रायकोडर्माला किंचित आम्ल, ओलसर आणि सेंद्रिय पदार्थांनी भरलेली माती मानवते. म्हणून ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून वाढवावी आणि मगच रानात द्यावी. शेणखत कच्चे नको. न कुजलेल्या काडीकचऱ्यावर मानकूज करणारी स्क्लेरोशियम बुरशी पोसते. सोयाबीनच्या काडावर लगेच हरभरा पेरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. पावसाने ताण दिला की सोयाबीनची मुळे काळी पाडणारी मॅक्रोफोमिनाही बळावते. अशा वर्षी तर सेंद्रिय कर्बाची उणीव फारच महागात पडते.

बियाण्याला किलोमागे ट्रायकोडर्माची 5 ग्रॅम भुकटी चोळून, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरणी करावी. त्याच बियाण्याला कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लावू नये. ते ट्रायकोडर्मालाही मारते. पाकिटावर नोंदणी क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि जिवंत बीजाणूंची संख्या पाहावी. ग्रॅममागे किमान 20 लाख हे प्रमाण ठरलेले आहे. उन्हात तापलेल्या गोदामातले जुने पाकीट म्हणजे नुसती शंखजिऱ्याची भुकटी. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे बायोमिक्स हे उपयुक्त बुरशी व जिवाणूंचे मिश्रणही याच कामासाठी आहे.

वाण मात्र आधी निवडावा: हरभऱ्यात विजय, दिग्विजय किंवा जॅकी 9218, तुरीत बीडीएन 711. मरीला सहज बळी पडणाऱ्या वाणाचे ओझे एकट्या ट्रायकोडर्माने पेलवणार नाही.

येत्या रब्बीत बीजप्रक्रिया कराच. मात्र त्याच रानात चार तासे प्रक्रियेविना पेरा आणि मेलेली रोपे दोन्हीकडे मोजा. तुमच्या मातीत ट्रायकोडर्मा किती काम करते, याचा आकडा तुमच्याच शेतातून मिळेल. शंका राहिली, तर उपटलेले रोप घेऊन तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र गाठा.