सहा पाण्यांचा स्फटिक, मे महिन्यात

सकाळी ६. ओवे गावात ऊन अजून वर आलेलं नाही, पण सदरा पाठीला चिकटायला लागलाय. मासळीवाल्या मावशी टोपली लावत असतात. त्यांच्याकडून बर्फ घ्यायचा हे माझ्या दिवसाचं पहिलं काम.
"एवढा बर्फ! लग्न हाय का घरात?"
"नाही मावशी, चुना थंड ठेवायचाय."
त्या हसतात, पण पैसे रोख मोजून घेतात.

८. प्रयोगशाळेत पोचल्याबरोबर बर्फ फोडून त्यात जाडं मीठ कालवायचं आणि दोन चंचुपात्रं त्यात रोवायची. एकात कॅल्शियम क्लोराइड, दुसऱ्यात धुण्याचा सोडा, शिवाय चिमूटभर फॉस्फेट. फॉस्फेट नसेल तर कॅल्साइट, म्हणजे बिनपाण्याचं कॅल्शियम कार्बोनेट, आधी जमतो आणि मला हवा असलेला इकाइट मागे राहतो. इकाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रेणूमागे पाण्याचे सहा रेणू. पेलूझ यांनी तो १८६५ मध्येच प्रयोगशाळेत बनवला होता. निसर्गात मात्र तो १९६३ साली सापडला, ग्रीनलंडच्या इक्का खाडीत. तिथे पाण्याखाली त्याचे उंचच उंच खांब उभे आहेत.

९ ते ११. दोन्ही द्रावणं एकत्र करून ढवळत राहायचं, दुसरं काही नाही. आधी दुधट लापशी होते, तिला कसलाच आकार नसतो. पारा दोन अंशांवर टिकला तर हळूहळू तळाशी रवाळ कण बसू लागतात.

११. गाळणं. फनेलही बर्फातलंच, आणि धुवायला गार अल्कोहोल. दहा ग्रॅम इकाइट हाती आला तर त्यात जवळजवळ सव्वापाच ग्रॅम नुसतं पाणीच. कोरडा म्हणून तोललेला पदार्थ निम्म्याहून अधिक पाणी असतो, ही गंमत मला अजून जुनी झालेली नाही.

११:३०. क्ष-किरण यंत्र. नमुन्याची बैठक थंड ठेवावी लागते. आलेखात सतरा अंशांच्या कोनाजवळ इकाइटचं उंच शिखर दिसलं की जीव भांड्यात पडतो. साडेएकोणतीसच्या जरा अलीकडे काही डोकं वर काढू लागलं, तर समजायचं की कॅल्साइट शिरला.

१. डबा. भाकरी, सुका जवळा. जेवताना विषय लोणारचा निघतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या सरोवराच्या तळाच्या गाळात गेल्युसाइटचे स्फटिक मिळालेत: सोडियम, कॅल्शियम, कार्बोनेट आणि पाण्याचे पाच रेणू. ते ज्या थरांत आहेत, ते सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. त्या काळात पाऊस रोडावला आणि तळं आटत गेलं, असा संशोधकांचा निष्कर्ष. आमच्या शेजारच्या, न्यू पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचाही लोणारच्या त्या अभ्यासात हात होता. विदर्भाच्या उन्हाळ्यातही गेल्युसाइट टिकतो, मग इकाइट का नाही? गेल्युसाइटला बर्फाची गरज नाही, सोड्याने भरलेलं पाणी हवं. साध्या पाण्याने धुतलात तर मात्र त्यातला सोडा निघून जातो आणि हाती उरतं कॅल्शियम कार्बोनेट.

२. दिवसातलं सगळ्यात आवडतं काम. बर्फातून चिमटीभर इकाइट काचपट्टीवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि बाहेरच्या तापमानावर सोडून द्यायचा. कडा आधी धूसर होतात. मग स्फटिकाच्या अंगातूनच पाणी सुटतं आणि तो स्वतःच्याच पाण्यात भिजून बसतो. खरं तर यात नवल नाही. इकाइटमध्ये कॅल्शियम एकाच कार्बोनेटला धरून असतं, दोन ऑक्सिजनांनी. बाकी सहा हात पाण्याकडे. शेजारच्या जोडीशी त्याचा थेट संबंध नाही, मधे सगळं पाणी, तेही हायड्रोजन बंधांनी अडकलेलं. ऊब लागली की हे बंध आधी ढिले होतात. कॅल्साइटमध्ये मात्र कॅल्शियम सहा वेगवेगळ्या कार्बोनेटांना घट्ट बांधलेलं, तो कशाला हलतोय.

दाबाखाली गणित उलटतं. कॅल्साइट आणि सुटं पाणी वेगवेगळं ठेवलं, तर इकाइटला त्याहून साधारण पाचव्या हिश्शाने कमी जागा लागते. म्हणून काही हजार वातावरणांचा दाब दिला, तर तो खोलीच्या तापमानालाही टिकतो. तेवढ्या दाबाचं यंत्र आमच्याकडे नाही, मासळीचा बर्फ आहे.

४. वीज गेली. उरलेला नमुना खोक्यात खोल दाबला, वर ओली गोणी.

५:३०. काचपट्टीवरचं पाणी टिपून पूड पुन्हा यंत्रात. सतरापाशी आता सपाट, कॅल्साइटचं शिखर ताठ, शेजारी थोडा व्हेटराइट, तेही कॅल्शियम कार्बोनेटचंच एक रूप. वहीत तापमान, वेळ आणि फॉस्फेटचं प्रमाण लिहिलं. उद्या फॉस्फेट निम्मं करून पाहायचं, म्हणजे मावशींना बर्फ थोडा जास्तच ठेवायला सांगायला हवा.