अजिंठ्यावरचा चपडा

चित्रसंवर्धन म्हणजे जुने चित्र नव्यासारखे करणे नव्हे. जे उरले आहे ते आणखी बिघडू न देणे हे त्यातले पहिले काम. साचलेला मळ आणि काळवंडलेले वार्निश काढणे हे दुसरे. रंग उडालेल्या जागी नवा रंग लावण्याची पाळी सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही. या कामात घाई झाली तर काय होते, याचे महाराष्ट्रातले मोठे उदाहरण अजिंठ्यात आहे. गंमत म्हणजे त्या उदाहरणातली दोन मुख्य द्रव्ये गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात कुणालाही नवी नाहीत: धानाचे तूस आणि पळसावरची लाख.

अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळ खडबडीत ठेवून त्यावर मातीचा गिलावा दिला जाई. माती धरून राहावी म्हणून तिच्यात धानाचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले असत. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंक किंवा सरस घालून कालवलेले रंग. तांबडी व पिवळी गेरू, हिरवी माती, काजळी आणि बाहेरून आलेला निळा लाजवर्द एवढ्या थोड्या रंगांवर सारा संसार उभा आहे. अशा भिंतीला शत्रूही बरेच. पाणी झिरपले की माती सुटते, वटवाघळांची घाण रंग खाते आणि तुसावर कीड पोसते. २०१६ साली राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे प्रसिद्ध केले. तिथला गिलावा किडीपासून वाचला आणि अजिंठ्याचा वाचला नाही, याचे एक कारण त्यांनी या तंतूंत शोधले.

१८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस लेणी पडली, तेव्हापासून चित्रांची कीर्ती आणि हानी दोन्ही वाढत गेल्या. रॉबर्ट गिल आणि नंतर मुंबईच्या कलाशाळेतले जॉन ग्रिफिथ्स यांनी वर्षानुवर्षे नकला केल्या. रेषा नीट दिसाव्यात म्हणून त्या काळात मूळ चित्रांवर वार्निशही फिरले. पुढे हैदराबादच्या निजामाने लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावले. १९२० ते १९२२ या काळात त्यांनी सुटलेल्या गिलाव्याच्या कडा बांधून घेतल्या आणि रंगाचे पापुद्रे चिकटवण्यासाठी चपडा वापरला. चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख, सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात तीच. लावल्यावर चित्रे उजळली, पण थोड्याच वर्षांत तो थर पिवळा आणि मग तपकिरी झाला. जुनी लाख अधिकाधिक टणक होते आणि विरघळेनाशी होते. त्या थरावर धूळ आणि काजळी बसत गेली, तशी आकृती ओळखणेही अवघड झाले.

चेक्कोनींना दोष देणे आज सोपे आहे. त्यांनी कडा बांधल्या नसत्या तर आज स्वच्छ करायला काही भाग भिंतीवर उरलेच नसते. त्यांची चूक वेगळी होती: लावलेले पुन्हा कसे काढायचे, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारत नसे. स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आली आणि चपडा उतरवण्याचे चिवट काम त्याच्या रसायनतज्ज्ञांच्या वाट्याला आले. १९९९ पासून राजदेव सिंह यांनी क्रमांक ९ व १० च्या लेण्यांत हे काम केले. काळ्या थराखालून वर आलेली चित्रे इसवी सनापूर्वीच्या शतकांपर्यंत मागे जाणारी, म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या बौद्ध चित्रांपैकी आहेत.

आता जोडद्रव्य असो की रंग, पुढच्या पिढीला मूळ चित्राला धक्का न लावता काढता आले पाहिजे, हा या व्यवसायाचा पहिला नियम मानला जातो. दुसरा नियम इटलीतच घडला. रोमच्या केंद्रीय पुनर्स्थापन संस्थेचे चेझारे ब्रांदी यांच्या पुढाकाराने तिथे उडालेली जागा बारीक उभ्या रेघांनी भरण्याची रीत रुजली. लांबून चित्र अखंड दिसते. जवळ गेल्यावर नवे कोणते आणि जुने कोणते ते लपत नाही. मूळ चित्रकाराच्या हाताची नक्कल करून पाहणाऱ्याला फसवणे हे या क्षेत्रात कसब नव्हे, गैरवर्तन समजले जाते.

तैलचित्रांची दुखणी वेगळी. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्यांची चित्रे आहेत, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली युरोपीय चित्रे आहेत. दमट हवेत कॅनव्हास सैल पडतो, कोरड्या हवेत ताणला जातो, आणि वाळून कडक झालेला रंग ही ओढाताण सोसू न शकल्याने तडकतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि जूननंतर धो धो पाऊस, अशी पूर्व विदर्भाची हवा कॅनव्हासला चांगलीच सोसावी लागते. म्हणून चित्र बाहेरच्या भिंतीवर, थेट उन्हात किंवा देवघराच्या धुरात टांगू नये. मळले तर ओल्या फडक्याने पुसू नये.

संवर्धकाच्या टेबलावर आलेल्या चित्राला आधी कुणी हात लावत नाही. साध्या उजेडात, मग बाजूने तिरपा प्रकाश टाकून त्याची छायाचित्रे घेतात. तिरप्या प्रकाशात फुगवटे आणि सुटलेले पापुद्रे उठून दिसतात. अतिनील प्रकाशात जुने वार्निश हिरवट चमकते आणि नंतरची डागडुजी काळी दिसते. अवरक्त किरणांनी रंगाखालचे आरेखनही सापडू शकते. पापुद्रे आधी चिकटवून पक्के करतात, जरूर तर पातळ जपानी कागद लावून धरतात. मग कोपऱ्यातल्या नखाएवढ्या जागी कापसाच्या बोळ्याने द्रावके तपासतात. कोणते द्रावक वार्निश सोडवते आणि रंगाला शिवत नाही, हे ठरायलाच कित्येक दिवस जातात. पुढचे सारे काम त्याच बोळ्याने, इंचाइंचाने होते.

त्यामुळे या क्षेत्रात चित्रकलेइतकेच, किंबहुना थोडे जास्तच, रसायनशास्त्र लागते. विज्ञानाची पदवी, चित्र काढण्याचा सराव आणि कलेतिहासाचे वाचन हा चांगला पाया. राष्ट्रीय संग्रहालय संस्था १९८९ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली. तिच्या परंपरेत आता नोएडातील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये संवर्धनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. लखनौची राष्ट्रीय संवर्धन संशोधन प्रयोगशाळा १९७६ पासून काम करते आणि प्रशिक्षणही देते. वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेची केंद्रे आणि मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातली संवर्धनशाळा हाताला काम शिकवतात. रोममधली इक्रोम ही या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था. ती काढण्याचा ठराव युनेस्कोच्या १९५६ च्या दिल्ली अधिवेशनात झाला होता. कुडव्याच्या विद्यार्थ्याला जवळचे मोठे संग्रहालय म्हणजे नागपूरचा १८६३ मधला अजब बंगला. प्रवेशअर्ज भरण्याआधी तिथे दोन-चार दिवस नीट पाहण्यात घालवले, तर हे काम मानवेल की नाही हे कळते.

नोकऱ्या मोजक्या आहेत. पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ पासून आहे आणि तिचे मुख्यालय डेहराडूनला आहे; तिथली आणि सरकारी संग्रहालयांतली भरती अधूनमधून निघते. बाकी बहुतेकजण खाजगी कार्यशाळांत किंवा स्वतंत्रपणे, संग्राहक, लिलावगृहे, जुनी घराणी आणि देवस्थाने यांच्यासाठी काम करतात. मोबदला कामागणिक ठरतो. एकेका चित्राला काही आठवडे ते काही महिने लागतात आणि अनुभव सावकाशच साठतो, त्यामुळे पहिली काही वर्षे कुणा अनुभवी संवर्धकाच्या हाताखाली काढावी लागतात. भित्तिचित्र, तैलचित्र, कागद, कापड यांतली आपली शाखा कोणती, हेही बहुधा त्याच वर्षांत ठरते.